अर्धी खेप

पुलावरून गाडी चाळीस सेकंदांत जाते.
मी मोजले. भाच्याला म्हटलं, जरा हळू घे.
त्याने आरशात बघितलं, वेग तसाच ठेवला,
मागे वाळूचा डंपर होता.

चाळीस सेकंदांत
कांदळाची एक हिरवी पट्टी दिसली,
आणि जुन्या धक्क्याची ती खालची पायरी,
जिच्यावरच्या कालवांनी
वासूची टाच उभी चिरली होती.

तेव्हा हाच पल्ला पाऊण तासाचा.
ओहोटी असली तर विचारूच नका,
गुडघाभर चिखल, आणि चिखलात चप्पल राहिली
तर ती खाडीची.

अलीकडून हाक मारायची.
पलीकडे झापांच्या खोपीत
कमरुद्दीन होडेकर विडी ओढत बसलेला.
दर घराची हाक निराळी,
मयेकरांची लांब, शेवटी फाटणारी,
सुर्व्यांची दोनदा आखूड.
डाकवाला नुसती सायकलची घंटा वाजवायचा.
आमची हाक आई मारी,
डोक्यावर सुकटीची पाटी, मान जराही न हलवता,
आणि पलीकडचे बगळे उठत.

मोठ्या माणसाला दोन आणे, दहाच्या आत एक.
(नवे पैसे आले होते, पण खाडीत आणेच चालत.)
मी शिमग्यात दहाची झाले,
पुढच्या शिमग्यात अकराची,
त्याच्या पुढच्या शिमग्यात बाराची,
होडीत मात्र दहाच्या आतच राहिले.
आई म्हणायची, "एक आख्खी, एक अर्धी."
मी गुडघे पोटाशी घेऊन
परकराखाली पावलं लपवत
अर्धी व्हायचे.

"काय गो," चाचा पाण्याकडे बघत विचारी,
"तुज्या रोपाला पानी घालीत नाय काय?
वाढत नाय ता."
आई गप्प.
वल्ह्याच्या खुंटीचा कर्र, कर्र.
मग तो आतल्या फळीवर खडूने
आमच्या खुणेखाली, माशाच्या काट्याखाली,
एक रेघ ओढी, आणि तिच्या शेजारी
नखाएवढी दुसरी.
बाजाराच्या दिवशी आई सगळ्या फेडायची.

सातवीच्या परीक्षेला मी एकटी गेले.
आईला ताप होता. हाक मीच मारली,
आवाज पाण्याच्या मध्यावरच पडला असावा.
तरी तो आला.
काही बोलला नाही. भरती उलटी लागली
तेव्हा दुसरं वल्हं माझ्याकडे सरकवून म्हणाला,
"धर."
मी धरलं. होडी आधी गोल फिरली,
तो हसला नाही. मग सरळ झाली.

धक्क्याला लागल्यावर त्याने खडू काढला.
रेघ ओढली. लांब.
इतरांच्या रेघांएवढी लांब.
माझे तळहात सोललेले,
आणि मी पेपरला उशिरा,
आणि इतकी खूश
की पहिल्या गणितात हातचा विसरले.

रात्री भाकरीचा तुकडा मोडताना आई म्हणाली,
"आख्खी कशी लावलीन त्याने?
सांगायचंस ना, अर्धी म्हणून."
मी म्हटलं, विसरले.
आयुष्यात आईशी जे थोडं खोटं बोलले
त्यातलं ते पहिलं, आणि अजून आवडतं.

पावसाआधी होडी वर ओढून उपडी घालत,
आतबाहेर मुशीचं तेल चोपडत.
गावभर वास. सगळ्यांच्या रेघा त्या तेलाखाली.
माझी लांब रेघ आईने तोवर फेडली होती की नाही,
कुणाला विचारू?

वासू म्हणतो, खडू कुठला गं,
तो तर डब्यात चिंचोके टाकायचा.
म्हणतो, होडीला आत फळीच नव्हती.
म्हणतो, तू परीक्षेला गेलीस ती
बापूंच्या मचव्यातून.
असेल.
वासूला टाचेवरचा वणही
फुटक्या बाटलीचा वाटतो.

परतताना पुन्हा मोजले. त्रेचाळीस.
"आत्या, काय मोजतेयस?" भाच्याने विचारलं.
ओहोटी होती. धक्का पुरता उघडा पडला होता,
आणि चिखलात कुणाची तरी
एक निळी चप्पल.